एक्स-रेमधली ४६ नंबरची दाढ

प्रोजेक्टचा विषय 'दात' असं सांगितलं की हॉस्टेलवर पोरं हसायची. पण मित्रांनो, तो विषय मी घरून आणला होता. नववीतल्या धाकट्या बहिणीची उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली, म्हणून तलासरीहून तिला डहाणूला नेलं. बाबांचा रोज बुडाला. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं, तर वरून दाढ धड. मग छोटी पट्टी दातांत चावायला लावून 'बाइटविंग' एक्स-रे काढला, आणि दोन दाढांच्या फटीत काळा डाग दिसला. "दादा, तूच म्हणालास ना, दुधाची आहे, पडेल," ती म्हणाली. मी गप्प. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, दुधाचा कुठलाही दात न पडता. म्हणून घरोघरी हाच घोळ होतो. ती कायमची असते.

डाग काळा का? दातातलं खनिज किरण अडवतं, म्हणून निरोगी दात पांढरा दिसतो. कीड खनिज काढून घेते. मात्र ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय फिल्मवर फरक दिसत नाही, त्यामुळे खरी कीड चित्रातल्यापेक्षा खोलच असते.

खोलीचे पाच टप्पे मानतात. इनॅमलचा बाहेरचा अर्धा भाग ई-१, आतला ई-२. त्याखालच्या डेंटिनचे तीन भाग डी-१, डी-२ आणि नसेजवळचा डी-३. हा नुसता नावांचा खेळ नाही. ई मध्ये सहसा ड्रिल लावत नाहीत, फ्लोराइड आणि सफाईवर भागतं. डी-२ च्या पुढे भरणं आलंच. डी-१ ला पृष्ठभाग फुटलाय का ते बघावं लागतं, आणि ते एक्स-रे नीट सांगत नाही.

आता जागा. पहिला आकडा जबड्याच्या चौथ्या हिश्श्याचा, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात त्याचा. म्हणून ४६ म्हणजे खालची उजवी पहिली मोठी दाढ. इथेच आम्ही माती खाल्ली. चित्रं कमी होती म्हणून ती आरशासारखी उलटवून संख्या दुप्पट केली, पण नंबर तेच ठेवले. उलटवल्यावर ४६ ची ३६ होते! आठवडाभर प्रोग्रॅम डावं-उजवं बरळत होता, आणि आम्ही कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो.

दुसरा फसवा प्रकार ॲक्युरसीचा. शंभरातले नव्वद दात निरोगी असतील, तर सगळ्यांना 'निरोगी' म्हणणारा ठोंब्यासुद्धा ९० टक्के मिळवतो. म्हणून किडलेल्यांपैकी किती सापडले, ते वेगळं मोजायचं.

शेवटी बहिणीचा एक्स-रे टाकला. ४६ चा डी-३ प्रोग्रॅमने बरोबर पकडला. त्याला टेकलेल्या ४५ वरचा ई-२ मात्र 'निरोगी' ठरवला. डॉक्टरांनी तो डाग पहिल्याच दिवशी बोट ठेवून दाखवला होता. ४६ चं रूट कॅनाल झालं, डहाणूच्या चार फेऱ्या झाल्या. ४५ ला फक्त फ्लोराइड लावलंय; पुढच्या वर्षी पुन्हा एक्स-रे आहे.