पेपर बघितला आणि सगळं ब्लँक!

मागच्या सेमला एम-थ्रीच्या पेपरात लाप्लासचा एक साधा फॉर्म्युला मला तीन तास आठवला नाही. हॉस्टेलवर आलो, मेसमध्ये ताट हातात घेतलं आणि तो आपोआप आठवला! म्हणजे मी तो विसरलो नव्हतो, वेळेवर सापडत नव्हता इतकंच. असं का होतं?

ताण आला की ॲड्रीनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे आठवणी साठवायला आणि शोधायला मदत करणाऱ्या भागावर, त्याचा परिणाम होतो. १९९८ साली डी क्वेर्व्हँ, रोझेंडाल आणि मॅकगॉ यांनी उंदरांना पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायला शिकवलं. चाचणीच्या ३० मिनिटं आधी शॉक बसलेल्या उंदरांना जागा आठवेना. २ मिनिटं किंवा ४ तास आधी शॉक बसलेल्यांना मात्र आठवली. कारण हे हार्मोन चढायला वेळ लागतो आणि नंतर ते उतरतं. मेसमधल्या चमत्काराचं हेच कारण असावं.

गंमत म्हणजे फॉर्म्युला जातो, पण घाबरल्याची आठवण पक्की बसते. ते काम अमिग्डालाचं. मग पुढच्या वेळी नुसता हॉल बघूनच पोटात गोळा येतो.

ही भीती पुसता येते का? पावलॉव्हने कुत्र्यांना आवाजानंतर खाणं दिलं, तेव्हा नुसत्या आवाजाने लाळ सुटू लागली. मग खाणं बंद केल्यावर लाळही थांबली. पण काही वेळाने पुन्हा आवाज केला तर ती परत सुटली! म्हणजे जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं शिकणं बसतं. भीतीचंही तसंच. शिवाय हे नवं शिकणं बरंचसं जागेला चिकटलेलं असतं आणि ताणाखाली ते ढिलं पडतं.

मग आपण काय करायचं? २०१६ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या प्रयोगात, नुसतं पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांची आठवण ताणाखाली घसरली. पुस्तक मिटून स्वतःला विचारत अभ्यास करणाऱ्यांची टिकली. तेव्हा नोट्स दहादा वाचण्यापेक्षा कोऱ्या कागदावर लिहून बघा. व्हायव्हाची धास्ती असेल तर रूममध्ये नको, रिकाम्या वर्गात फळ्यासमोर उभे राहा आणि रूममेटला एक्स्टर्नल करा. एकदा नाही, अनेकदा.

आणि पेपरात ब्लँक झालात तर तो प्रश्न सोडून पुढचा घ्या. फॉर्म्युला कुठे गेलेला नाही. मी मेसमध्ये खात्री केली आहे.