उसातील रानडुक्कर आणि कायद्याची वाट



ऊस डोक्याएवढा झाला की गट ऑफिसात एक तक्रार हमखास येते. "साहेब, एका रात्रीत चार गुंठे झोपवला हो डुकरांनी!" तक्रार खोटी नाही. रानडुकरे कळपाने येतात, ऊस आडवा करतात, बुडख्याकडची गोड कांडी चावून चोथा टाकतात आणि पुढच्या सरीत शिरतात. पडलेल्या उसाला डोळे फुटतात, जमिनीला टेकलेली कांडी कुजतात, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. दिवसा कळप त्याच फडात दडून बसतो. मग वैतागलेल्या माणसाच्या तोंडून निघतेच, "रान माझं, पीक माझं. घातली गोळी तर कुणाचं काय जातं?"

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक सभासदाला माहीत असले पाहिजे. कारण चुकीच्या उत्तराने उसापेक्षा मोठे नुकसान होते.

रान आपले, जनावर आपले नाही

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा कायदा जंगलात जसा लागू आहे, तसाच आपल्या सातबाऱ्यावरच्या जमिनीतही लागू आहे. त्यातील कलम ९ ने शिकारीला बंदी केली आहे. शिकार म्हणजे नुसती गोळी नव्हे. फासा लावणे, सापळा मांडणे, विष घालणे, आमिष ठेवणे, इतकेच काय, तसा प्रयत्न करणे, हे सगळे कायद्याच्या भाषेत शिकारच.

२०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. आता संरक्षित प्राण्यांच्या दोन अनुसूची, म्हणजे याद्या आहेत. बिबट्या, काळवीट, गवा, मोर हे पहिल्या यादीत. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, हे दुसऱ्या यादीत. दुसऱ्या यादीतला प्राणी विनापरवाना मारला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या यादीतला असेल तर कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षे कैद, शिवाय २५,००० रुपयांपेक्षा कमी नाही इतका दंड.

मग वाट कोणती?

वाट आहे, आणि ती कायद्यातच आहे. कलम ११ प्रमाणे दुसऱ्या यादीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून, ठरावीक क्षेत्रापुरती, लेखी परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभे पीकही येते, असे कायद्यातच लिहिले आहे. रानडुक्कर व रोही यांच्यासाठी आपण अर्ज करायचा तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या भाषेत रेंजरसाहेबांकडे. अर्जात गट नंबर, पिकाचे क्षेत्र, नुकसानीच्या तारखा लिहाव्यात, फोटो जोडावेत आणि पोच घ्यावी.

पुढील गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

१) आधी कागद, मग बंदूक. डुक्कर मारून नंतर अर्ज करणे म्हणजे गुन्ह्याची कबुली लिहून देणे.

२) वनखात्याची परवानगी वेगळी, बंदुकीचा परवाना वेगळा. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. पण तो परवाना असला म्हणून जनावर मारायची मुभा मिळत नाही. उलट वनखात्याचा आदेश हाती असला तरी विनापरवाना बंदूक चालत नाही. दोन्ही कागद लागतात.

३) परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता असते. मटणाचे वाटे घालू नयेत. वनखात्याला कळवावे व ते सांगतील तसे करावे.

४) जनावर अंगावर आले आणि जीव वाचवताना मारले गेले, तर तो गुन्हा नाही. मात्र स्वतः बेकायदा शिकारीला गेलेल्या माणसाला ही सवलत मिळत नाही.

५) बिबट्याला कलम ११ ची पिकाची सवलत लागू नाही. तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक निर्णय घेतात. जुन्नर भागात बिबट्याच्या माद्या उसातच पिल्ले घालतात, हे आपण जाणतो. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्या अडकला, तर खटला बिबट्याचा होतो.

'उपद्रवी' जाहीर का करत नाहीत?

हा प्रश्न बैठकीत नेहमी निघतो. कलम ६२ प्रमाणे दुसऱ्या यादीतला प्राणी ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. २०१५ साली बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही व रानडुकरासाठी, २०१६ साली उत्तराखंडात रानडुकरासाठी असे केले होते. पण दुसऱ्या राज्याच्या जुन्या अधिसूचनेवर विसंबून आपल्या शिवारात गोळी घालता येत नाही.

तार, बाँब आणि अंधारातली गोळी

आता सर्वांत महत्त्वाचे. काही जण परवान्याच्या भानगडीत न पडता बांधाला उघडी तार ओढून तिच्यात मोटारीचा करंट सोडतात, किंवा गावठी बाँब पेरतात. बंधूंनो, रात्रीच्या लाइटीवर पाणी धरायला कोण जातो? आपलाच भाऊ, आपलाच पोरगा, शेजारचा गडी. गळीत हंगामात फडाच्या कडेला तोडणी मजुरांच्या कोप्या असतात, त्यांची लेकरे पहाटे अंधारात उसाकडे जातात. तारेला डुक्कर कोण आणि माणूस कोण हे कळत नाही. माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि गेलेला जीव काही परत येत नाही. उसात हालचाल दिसली म्हणून झाडलेल्या गोळीचेही तसेच. परवानगी असली तरी जे स्पष्ट दिसत नाही त्यावर नेम धरू नये.

कुंपणच करायचे तर क्षणभर झटका देणारे सौर कुंपण करावे. त्याने जनावर बिचकून मागे फिरते, मरत नाही. जंगलालगतच्या गावांसाठी त्याला सरकारी अनुदानाची योजना आहे.

नुकसानीची भरपाई सोडू नका

नुकसान झाल्यापासून ३ दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा रेंज ऑफिसला लेखी कळवावे. वन, कृषी व महसूल खात्याची माणसे मिळून पंचनामा करतात. तोवर पडलेला ऊस उचलू नये. बरेच जण "एवढ्याशा पैशाला कोण हेलपाटे घालतो" म्हणून अर्जच करत नाहीत. पण अर्ज नाही म्हणजे सरकारदरबारी नुकसानच नाही. उद्या शिवारातल्या सगळ्यांनी मिळून परवानगी मागितली, तर हेच जुने पंचनामे आपला पुरावा होतील.

तेव्हा एकट्याने रात्री बंदूक किंवा तार घेऊन निघण्यापेक्षा, शिवारातल्या दहा जणांनी दिवसा कागद घेऊन रेंज ऑफिसात जावे. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येते, माणूस येत नाही. एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.