खेळ रुळांत, फट चौकटीत

प्रश्न : फोटोफ्रेम, दाराच्या पट्ट्या आणि कपाटांच्या कामासाठी स्लायडिंग कंपाउंड मायटर सॉ घ्यायचा आहे. दुकानदार फक्त वॅट आणि आरपीएम सांगतो. नेमकं कापणारं आणि टिकणारं मशीन ओळखायचं कसं?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : वॅटवरून ताकद कळते, नेमकेपणा नाही. फ्रेमला आठ काप लागतात. प्रत्येक काप अर्ध्याच अंशाने, एकाच बाजूला चुकला, तरी तीन कोपरे घट्ट बसवल्यावर चौथ्यात चार अंशांची फट उरते. ती लांबीने भरून निघत नाही.

आधी गरज पाहा. 10 इंची ब्लेडचं साधं, न सरकणारं मशीन साधारण साडेपाच इंच रुंद लाकूड कापतं. सरकणारं सुमारे 12 इंच. म्हणजे कपाटाची 24 इंच खोल फळी यातलं कुठलंच मशीन एका कापात कापणार नाही, तिला टेबल सॉसारखं दुसरं साधन हवं. आणि काम फक्त फ्रेम-पट्ट्यांचं असेल, तर साधं मशीन स्वस्त पडतं, शिवाय सरकणारा भागच नसल्याने खिळखिळंही कमी होतं.

सरकणारंच हवं असेल, तर सगळं मर्म रुळांत आहे. प्लग काढा, डोकं पूर्ण स्वतःकडे ओढा आणि हँडल हलकेच डावी-उजवीकडे दाबा. किंचित लवचीकपणा चालेल. पण ‘टक्’ असा खेळ जाणवला, तर ते मशीन नको. रुळावर सरकताना कुठे अडकतं का, तेही पाहा. मग टेबल आणि ब्लेड यांच्यामध्ये गुण्या लावा. तो ब्लेडच्या अंगाला टेकवा, दात्यांना नाही.

शेवटची परीक्षा कापूनच होते. दोन्ही कडा समांतर असलेली रंधलेली पट्टी काटकोनात कापा. एक तुकडा पालथा करा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेली टोकं जुळवा. दिसणारी फट मूळ चुकीच्या दुप्पट असते, म्हणून बारीक दोषही लपत नाही. अशी चूक फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची मागची पट्टी, जुळवून सुधारता येते. रुळांतला खेळ मात्र सहसा सुधारत नाही.

मशीनसोबत आलेलं ब्लेड बहुधा कामचलाऊ असतं. फ्रेम आणि प्लायसाठी 60 ते 80 दात्यांचं घ्या. भोकाचं माप आधी तपासा.

टिकण्याचं निम्मं श्रेय वापरणाऱ्याचं. रूळ रोज कोरड्या फडक्याने पुसा. तेल थापलंत तर भुसा चिकटून बसेल. रुंद लाकूड कापताना डोकं आधी स्वतःकडे ओढा, खाली दाबा आणि मग पुढे ढकला. ओढत कापलं, तर ब्लेड लाकडावर चढून अंगावर येऊ शकतं.

तेव्हा दुकानात जाताना सोबत गुण्या आणि रंधलेली पट्टी न्या. कापून दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून मशीन घेऊ नका.