टिकाऊ इंजिन कसें घडतें?

विद्यार्थी मित्रहो, इंजिनाची योग्यता केवळ त्याच्या वेगावरून ठरत नाहीं. तें किती वेळ न थांबतां काम देतें, हें त्याहून महत्त्वाचें होय. ही गोष्ट आमच्या वडीगोद्रीच्या शेतकरी पालकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. 1946 सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. पुढें महाराष्ट्रांतील अनेक विहिरींवर डिझेल इंजिनें पाणी उपसूं लागलीं. भर उन्हाळ्यांत मोसंबीच्या बागेस पाणी चालू असतां इंजिन बंद पडलें, तर वर्षाची मेहनत पणास लागते.

हीच परीक्षा मोटारींचीही घेतली जाते. फ्रान्समधील ल माँ येथें 1923 सालीं 24 तासांची शर्यत सुरू झाली. तींत चालक आळीपाळीनें बसतात. इंजिनास मात्र तशी विश्रांति नसते. मिनिटास सरासरी 6000 फेरे धरले, तर 24 तासांत 86,40,000 फेरे होतात. चार स्ट्रोकच्या इंजिनांत दोन फेऱ्यांस एकदां इंधन पेटतें. म्हणजे एकेका सिलिंडरांत तें 43,20,000 वेळां पेटावयास हवें!

असें इंजिन बांधतांना कारागीर पुढील गोष्टींकडे विशेष लक्ष देतात.

पहिली, संयम. फेरे दुप्पट केले कीं दट्ट्याच्या येण्याजाण्यामुळें दांड्यावर पडणारा ताण चौपट होतो. यास्तव इंजिनाच्या अंगीं असलेला सर्व वेग वापरीत नाहींत. कांहीं राखून ठेवितात.

दुसरी, वंगण. क्रँकचा दांडा बेअरिंगमध्यें तेलाच्या अत्यंत पातळ थरावर फिरत असतो. मोटार वेगानें वळली कीं तळांतील तेल एका बाजूस सरकतें, पंप तेलाऐवजीं हवा ओढतो, आणि थोडक्याच वेळांत बेअरिंग जळतें. म्हणून तळांत आडवे पडदे बसवितात, किंवा तेलाची टाकी निराळी ठेवितात.

तिसरी, उष्णतेचा निचरा. पाणी इंजिनाभोंवतीं खेळवून रेडिएटरांत थंड केलें नाहीं, तर दट्ट्या फुगून सिलिंडरांत अडकतो.

चौथी, परीक्षा. प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोरानेंच आवळतात. नंतर इंजिन चौथऱ्यावर बसवून तासन्‌तास चालवितात, उघडून पाहतात, झिजलेला भाग सुधारतात व पुनः चालवितात.

2006 सालीं ल माँ येथें डिझेल इंजिनाची मोटार प्रथमच विजयी झाली. विहिरीवरील जड, मंद इंजिन आणि हें इंजिन यांच्या घडणींत पुष्कळ अंतर आहे. परंतु दाबानें तापलेल्या हवेंत इंधन पेटविण्याचें तत्त्व दोहोंचें एकच.

तेव्हां मुलांनो, घरचा ट्रॅक्टर किंवा पंप सुरू करण्यापूर्वीं तेल व पाणी पाहण्याची संवय लावून घ्या. संत पौलानें आयुष्याच्या अखेरीस समाधान मानिलें तें धांव पुरी केल्याचें, सर्वांपुढें धांवल्याचें नव्हे. यंत्राप्रमाणेंच अभ्यासांतही, परीक्षेच्या आदल्या रात्रींच्या धांवपळीपेक्षां वर्षभराची नियमित चाल अखेरपर्यंत पोंचविते.