डीओ मीटर घेऊन नदीवर जाताना

मुळा-मुठेच्या काठावर विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे आमच्या बोलीत डीओ, मोजायला दरवर्षी नवी मुलं येतात. मीटर महागाचा असला की आकडा बरोबरच येणार, असं त्यांना वाटतं. त्यांना मी जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

१. प्रोब आधी हवेत लावून घ्या. कॅलिब्रेशनच्या कपात तळाला ओला स्पंज ठेवायचा, म्हणजे आतली हवा वाफेने भरते. झाकण सैल ठेवा, घट्ट लावलं तर आतला दाब बाहेरच्याशी जुळत नाही. मेंब्रेनवर थेंब बसला असेल तर टिश्यूच्या टोकाने हलकेच टिपून घ्या, चोळू नका. आणि मग थांबा. जीपमध्ये तापलेला प्रोब सावलीत निवायला, तापमानाचा आकडा जागेवर यायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. सगळी घाई नेमकी इथेच होते.

२. दाबाकडे दुर्लक्ष करू नका. २५ अंशांचं गोडं पाणी समुद्रसपाटीला लिटरमागे साधारण ८.२६ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथे हवेचा दाब ७६० नाही, ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि तेच पाणी ७.७ च्या वर जात नाही. मीटरला दाब ७६० सांगितला, तर आकडा सात टक्के फुगतो. म्हणजे खरं ४.७ असलेलं पाणी ५ दाखवतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला किमान ५ लागतात. एका चुकीच्या नोंदीने नदी कागदावर वरच्या वर्गात जाऊन बसते! हवामानाच्या बातम्यांतला दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो, तोही मीटरमध्ये घालू नका. जागेवरचा खरा दाब हवा.

३. मेंब्रेनखाली बुडबुडा किंवा वर सुरकुती दिसली, तर कॅलिब्रेशनच्या वाटेला जाऊ नका. आधी मेंब्रेन आणि आतलं द्रावण बदला.

४. मेंब्रेनचा प्रोब मोजता मोजता स्वतःच ऑक्सिजन खातो. स्थिर पाण्यात तो धरून ठेवला की आकडा हळूहळू उतरत जातो, म्हणून हलवत राहा. ऑप्टिकल प्रोबला हे करावं लागत नाही, पण त्याची टोपी मुदतीत बदलावी लागते.

५. शून्यही तपासा. सोडियम सल्फाइटच्या ताज्या द्रावणात आकडा शून्याजवळ आलाच पाहिजे. नंतर प्रोब भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर उरलेलं सल्फाइट पुढच्या नमुन्यातला ऑक्सिजन खाईल.

६. कोकणातल्या खाडीत किंवा कोळंबीच्या तळ्यावर गेलात तर क्षारता आधी घाला. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी ऑक्सिजन धरतं.

७. शंका आली की विंकलर करा. हंगेरीच्या लायोश विंकलरने १८८८ मध्ये दिलेली ही पद्धत आजही मीटरचा न्याय करते. बीओडी बाटली बुडबुडा न राहू देता भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो. नाला मिळतो तिथल्या बाटलीत तो पांढराच राहिलेला मी पाहिला आहे, आणि तेव्हा मीटरचा आकडा विचारायची कुणाला गरज वाटली नाही. पुढे आम्ल घालून साका विरघळवायचा आणि थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं. रंग फिक्कट पिवळा झाला की स्टार्च टाकायचा. निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो, तो थेंब डोळ्यांदेखत पडतो. म्हणूनच माझा जास्त विश्वास या पद्धतीवर आहे. विंकलर आणि मीटर यांत चांगलाच फरक आला, तर मीटर पुन्हा लावा.

८. वेळ लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका. उजनीसारख्या शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी डीओ १०० टक्क्यांच्याही वर चढतो आणि पहाटे तळाला जातो. माशांचा जीव पहाटेच्या त्या आकड्यावर असतो, आणि अहवालात बहुधा दुपारचा येतो.

तुमच्या गावच्या नदीचा डीओ कुणी जाहीर केला, तर वेळ, तापमान, दाब आणि कॅलिब्रेशनची नोंद जरूर मागा. चार आकड्यांची ती नोंद मिळत नसेल, तर नव्याने मोजणी करायला लावा.