अपडेटनंतर वाय-फाय गेलं तर

चि. ऋता,


लिनक्स अपडेट केल्यापासून वाय-फाय दिसत नाही, म्हणून सगळं फॉरमॅट करायला निघाली आहेस असं ताई म्हणाली. सबमिशन तोंडावर असताना जीव कसा कासावीस होतो ते मला कळतं. तरी फॉरमॅट करू नकोस. नशिबाने वाय-फाय आलंच, तर ते का गेलं होतं हे कधीच कळायचं नाही आणि पुढच्या अपडेटला तू पुन्हा तिथेच येशील.

होस्टेलच्या त्याच वाय-फायवर मैत्रिणींचे फोन चालतात ना? मग राउटरचा विषय संपला. टर्मिनल उघड आणि 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा दे. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे 'येस' दिसलं तर बहुधा एअरप्लेन मोड लागलेला आहे, तो बंद कर. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे दिसलं तर लॅपटॉपवरची कळ किंवा बायोसमधली सेटिंग बघ. दोन्हीकडे 'नो' असेल तर 'एलएसपीसीआय' या आज्ञेला 'के' हा पर्याय जोडून चालव. त्या यादीत तुझं वायरलेस कार्ड दिसेल. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का ते नीट बघ. कार्ड दिसतंय पण ही ओळ नाही, याचा अर्थ चिप जागेवर आहे, फक्त तिला चालवणारा ड्रायव्हर चढलेला नाही. दुकानदाराने नवं कार्ड घालायला सांगितलं तरी पैसे देऊ नकोस.

आता हे घडतं कसं ते समजून घे. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर त्याच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या आतच असतात आणि त्याच्याबरोबरच अद्ययावत होतात. काही चिपांचे ड्रायव्हर मात्र कर्नलच्या बाहेर राहतात. कर्नलची आतली रचना आवृत्तीगणिक बदलते आणि ती जशीच्या तशी ठेवण्याचं वचन कर्नल लिहिणारे देत नाहीत. कुलूप बदललं की किल्ली नव्याने घडवावी लागते, तसा हा बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो. हे काम आपोआप करणारी सोय म्हणजे डीकेएमएस. ती मुळात डेल कंपनीतल्या अभियंत्यांनी तयार केली. तिला त्या-त्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. त्या नसल्या, किंवा ड्रायव्हरचा कोड नव्या कर्नलशी जुळला नाही, तर ड्रायव्हर तयारच होत नाही. अपडेटच्या लांबलचक मजकुरात ती चूक कुठेतरी छापलेली असते, पण आपण तो मजकूर वाचत नाही. 'डीकेएमएस स्टेटस' दिलंस की कोणत्या कर्नलसाठी ड्रायव्हर तयार आहे ते कळेल.

या ड्रायव्हरांमागे माणसांचे किती कष्ट आहेत हेही तुला ठाऊक असावं. ब्रॉडकॉमने २०१० साली आपल्या काही वाय-फाय चिपांचा ड्रायव्हर खुला केला. त्याआधी कित्येक वर्षं स्वयंसेवक कंपनीचे कागद हाती नसताना, चिप कशी वागते हे निरखून ड्रायव्हर लिहीत होते. त्यांच्या चिकाटीचा अंश तरी तुझ्यात यावा असं मला मनापासून वाटतं.

तुझी आजची अडचण मात्र सोपी आहे, कारण अपडेट सहसा जुना कर्नल काढून टाकत नाही. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाब (जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धर), ग्रबचा मेनू येईल. त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवड. वाय-फाय आलं तर दोष कुठे आहे ते सिद्ध झालं. मग आधी सबमिशन पूर्ण कर, दुरुस्ती नंतर.

दुरुस्तीला इंटरनेट लागेल. फोन यूएसबी केबलने जोड आणि त्यात यूएसबी टेदरिंग सुरू कर. नव्या कर्नलमध्ये शिरून त्याच्या हेडर फाइली आणि ड्रायव्हरचं पॅकेज पुन्हा बसव. सिक्युअर बूट चालू असेल तर पासवर्ड ठरवायला सांगितलं जाईल आणि पुढच्या बूटला निळा पडदा येईल. तो थोडाच वेळ थांबतो. तिथे घाईने 'कंटिन्यू बूट' दाबू नकोस, 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड दे. हे राहिलं तर ड्रायव्हर तयार असूनही कर्नल त्याला आत घेत नाही, आणि हुशार मुलंसुद्धा इथेच अडकतात.

एका वेळी एकच बदल कर आणि तो वहीत लिही. कुठून तरी मिळालेली 'सुडो'ने सुरू होणारी ओळ अर्थ कळल्याशिवाय चालवू नकोस. तिच्यात पूर्ण मशीन बिघडवण्याची ताकद असते. आणि रागाच्या भरात अपडेट कायमचे बंद करू नकोस, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यांतूनच येतात.

हे सगळं करूनही जमलं नाही, तर 'डीएमईएसजी' ही आज्ञा दे आणि त्यात जिथे 'फर्मवेअर' किंवा कार्डाचं नाव येतं त्या ओळी मला जशाच्या तशा पाठव. फोटो नको, मजकूर पाठव. माझं उत्तर येईपर्यंत जुना कर्नल काढू नकोस.

तुझा,
मामा