डायलिसिस आणि मज्जातंतूंचे आरोग्य

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे शरीरातील मलद्रव्ये रक्तात साठू लागतात, हे आता सर्वसामान्य वाचकासही ठाऊक आहे. परंतु या साठलेल्या द्रव्यांचा उपद्रव रक्त, हृदय व अस्थी यांपुरताच मर्यादित राहत नाही. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत गेलेल्या मज्जातंतूंनाही त्याची झळ लागते. नियमित डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांची विद्युत्-उपकरणांनी तपासणी केली असता त्यांपैकी निम्म्याहून अधिकांत मज्जातंतूंचा विकार आढळतो. पुष्कळांना मात्र त्याची जाणीव नसते. डायलिसिसने या विकारावर काय परिणाम होतो, कोणता होत नाही आणि रुग्णाच्या हाती काय उरते, याचा विचार येथे केला आहे.

विकाराचे स्वरूप

मज्जातंतूची रचना तारेसारखी आहे. मधला अक्षतंतू संदेश वाहून नेतो आणि बहुतेक जाड तंतूंवर मेदयुक्त आवरण असते. पायाच्या बोटांकडे जाणारा अक्षतंतू प्रौढ माणसात सुमारे एक मीटर लांब असतो. त्याची मूळ पेशी मात्र कण्यात किंवा कण्यालगत असते आणि तंतूच्या टोकापर्यंत लागणारी सर्व सामग्री तिलाच पुरवावी लागते. शरीरात विषद्रव्ये साठली म्हणजे हा पुरवठा प्रथम सर्वांत दूरच्या टोकाशी अपुरा पडतो. म्हणूनच विकाराची सुरुवात दोन्ही तळपायांपासून सारख्याच प्रमाणात होते, व तो हळूहळू वर सरकतो. हातांची पाळी पुष्कळ उशिरा येते.

रुग्ण प्रथम मुंग्या येतात, तळवे जळजळतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, अशी तक्रार करतो. काहींना अंथरुणावर पडल्यावर पाय सतत हलवीत राहावेसे वाटते. तपासणीत घोट्याजवळील प्रतिक्षेपी क्रिया मंदावलेली अथवा नाहीशी झालेली दिसते. कंप पावणारा चिमटा पायाच्या अंगठ्यावर टेकविला असता त्याचा कंप जाणवत नाही. विकार बळावल्यास स्नायू रोडावतात, पाऊल उचलेनासे होते आणि चालणे अवघड होते. अंतर्गत इंद्रियांच्या मज्जातंतूंनाही विकार जडला, तर उभे राहताच रक्तदाब खाली येतो.

मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटास सुमारे १२ मिलिलिटरच्या खाली गेल्यावर हा विकार स्पष्ट रूप धारण करतो. निरोगी माणसात ही क्षमता १०० च्या आसपास असते.

सिअ‍ॅटलचा अनुभव

नेदरलंड्समधील डॉक्टर विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड रुग्णासाठी वापरले. परंतु प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने कायमचा मूत्रपिंडदोष असलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. १९६० च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळ्या रुग्णाच्या हातात कायम ठेवण्याची युक्ती योजिली आणि महिनोन् महिने, वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले.

तोपर्यंत असे रुग्ण फार काळ जगतच नसत. त्यामुळे मज्जातंतूंचा विकार पूर्णपणे प्रकट होण्यास अवधीच मिळत नसे. आता रुग्ण जगू लागले आणि त्यांपैकी काहींचे पाय लुळे पडू लागले. १९६३ मध्ये अ‍ॅस्बरी, व्हिक्टर व अ‍ॅडम्स या मज्जातंतुतज्ज्ञांनी या विकाराचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी मात्र उपचाराच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट हेरली: डायलिसिसचा एकूण वेळ वाढविला की विकाराची आगेकूच थांबत असे. तेव्हा दोष डायलिसिसचा नसून अपुऱ्या डायलिसिसचा होता.

मोठे रेणू आणि वेळेचे महत्त्व

याच सुमारास एक कोडे पुढे आले. डायलिसिसची दुसरी एक पद्धत म्हणजे पोटातील पर्युदर या नैसर्गिक पडद्याचा गाळणीसारखा उपयोग करणे. या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांच्या रक्तात युरिया व क्रिएटिनीन यांचे प्रमाण अधिक राही. तरीही त्यांच्या मज्जातंतूंना विकार कमी होई. खरे अपराधी युरिया व क्रिएटिनीन असते, तर याच्या उलट घडावयास हवे होते.

स्क्रिब्नर यांनी त्यावर असा तर्क केला की, मज्जातंतूंना बाधणारी द्रव्ये मध्यम आकाराच्या रेणूंची असावीत. युरियाचा रेणुभार ६० व क्रिएटिनीनचा ११३ आहे. इतके लहान रेणू यंत्राच्या पडद्यातून झपाट्याने निघून जातात. त्यांहून कितीतरी पट मोठे रेणू मात्र सावकाश झिरपतात. पर्युदराची छिद्रे मोठी आणि तेथील उपचारही दीर्घकाळ चालणारा असल्याने ते रेणू तेथून बाहेर पडतात. यावरून असे अनुमान निघाले की, मोठे रेणू काढावयाचे तर पडद्याचे क्षेत्रफळ आणि डायलिसिसचे तास या दोहोंचा गुणाकार वाढवावयास हवा.

मज्जातंतूंना मारणारा म्हणून एकाच विशिष्ट रेणूवर बोट ठेवणे शास्त्रज्ञांना शक्य झालेले नाही. तथापि या तर्कातून निघालेला व्यावहारिक धडा टिकून राहिला आहे. रक्ततपासणीत युरिया उतरला म्हणून डायलिसिसचा वेळ कमी करणे योग्य नव्हे.

पोटॅशियमचा वाटा

अलीकडे ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील संशोधकांनी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. मज्जातंतूच्या आतील व बाहेरील बाजूंत विद्युत्-दाबाचा फरक असतो आणि तो बव्हंशी पोटॅशियमच्या दोन्हींकडील प्रमाणावर अवलंबून असतो. बाहेर पोटॅशियम वाढले की हा फरक घटतो व तंतूची कार्यक्षमता बिघडते. डायलिसिसपूर्वी रुग्णांचे तंतू नेमक्या याच स्थितीत असतात आणि डायलिसिसनंतर काही काळ ते पूर्ववत् होतात, असे या संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले.

पण डायलिसिसने पोटॅशियमबरोबर इतरही अनेक द्रव्ये निघून जातात. मग सुधारणेचे श्रेय कोणाला द्यावयाचे? याचा उलगडा करणारा प्रयोग त्यांनी पुढे केला. डायलिसिसच्या द्रवात पोटॅशियम रक्ताइतकेच ठेवून उपचार चालविला. इतर मलद्रव्ये निघून गेली, पण पोटॅशियम तेवढेच राहिले. मज्जातंतूंची स्थितीही सुधारली नाही. द्रवातील पोटॅशियम नेहमीप्रमाणे कमी केल्यावर ती सुधारली. दोन डायलिसिसमधील दिवसांत रुग्ण पोटॅशियमयुक्त आहार किती घेतो, याचा संबंध हृदयाशी तर आहेच. मज्जातंतूंशीही आहे, हे यावरून ध्यानात येते. शहाळ्याचे पाणी, केळी, सुका मेवा यांविषयी डॉक्टर जी बंधने घालतात, त्यांचा आणखी एक हेतू हा होय.

डायलिसिस काय करू शकतो?

पुरेशा डायलिसिसने बहुतेकांचा विकार आहे तेथे थांबतो. सौम्य लक्षणे कमीही होतात. मात्र नष्ट झालेले अक्षतंतू डायलिसिसने क्वचितच पूर्णपणे परत येतात. मूत्रपिंड-रोपणानंतर चित्र बदलते. पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत झपाट्याने सुधारणा होते आणि पुढे वर्ष-दोन वर्षे ती मंद गतीने चालू राहते. लांब तंतू मुळापासून टोकापर्यंत पुन्हा वाढावयाचा असल्यामुळे हा विलंब लागतो. रुग्णास मधुमेहही असेल, तर त्यामुळे झालेली हानी पृथक् असते व तेथे सुधारणा कमी दिसते.

दीर्घकाळ डायलिसिस घेणाऱ्यांना आणखी एक त्रास संभवतो. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचे ११,८०० रेणुभाराचे प्रथिन साठून मनगटाशी मज्जातंतू दाबला जातो. अंगठा व त्याच्या शेजारची दोन बोटे बधिर होतात, विशेषतः रात्री. शस्त्रक्रियेने हा दाब काढता येतो. फिस्टुला केल्यानंतर लगेच त्या हातात तीव्र वेदना व दुबळेपणा आला, तर मात्र तासाचाही विलंब न लावता शल्यचिकित्सकास दाखवावे.

रुग्णाने घ्यावयाची काळजी

भारतात २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाद्वारे जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस देण्याची योजना आहे. तरीही प्रवास, बुडणारी मजुरी व औषधांचा खर्च यांमुळे अनेकजण आठवड्यातून तीनऐवजी दोनच वेळा येतात, किंवा चार तास पूर्ण होण्याआधीच यंत्र थांबविण्याचा आग्रह धरतात. वाचविलेल्या त्या तासांची किंमत मज्जातंतूंना मोजावी लागते, आणि तिचा हिशेब वर्षांनंतर पुढे येतो.

बधिर पायाला जखम कळत नाही. म्हणून अनवाणी चालू नये, पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहावे आणि रोज तळपाय तपासावेत. जीवनसत्त्व ब-१ व ब-६ डायलिसिसच्या द्रवात वाहून जातात. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड चालू असल्यास ब-६ ची गोळी सोबत घेणे अगत्याचे आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गावरील नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध निकामी मूत्रपिंडांतून बाहेर पडत नाही व मज्जातंतूंना हानी पोहोचविते, म्हणून ते टाळावे. कमरख हे पंचकोनी आंबटगोड फळ तर या रुग्णांनी मुळीच खाऊ नये. त्यातील विषाने उचकी, भ्रम व आकडी येऊन मृत्यूही ओढवतो.

पायांना मुंग्या येऊ लागल्या की ती वयाची अथवा थकव्याची खूण समजून गप्प बसू नये. डायलिसिस केंद्रातील डॉक्टरांना ती लगेच सांगावी. अक्षतंतू जिवंत आहे तोवरच डायलिसिसचे तास वाढवून, पोटॅशियम आवरून व औषधे तपासून त्याला वाचविता येते.